पंपाच्या केबलमध्ये वाया जाणारी वीज कशी काढावी?

कृषिपंपाची मोटार वारंवार तापत असेल, तर वायंडिंग जळण्यापूर्वी केबल तपासावी. पंप चालू असताना स्टार्टरजवळ व मोटारीजवळ व्होल्टेज आणि क्लँप मीटरने करंट वायरमनकडून मोजून घ्यावा.

• केबलचा रोध (ओहम) = व्होल्टेजमधील घट ÷ करंट (अँपिअर)
• वाया जाणारी वीज (वॅट) = व्होल्टेजमधील घट × करंट

उदा. सिंगल फेज पंपाला स्टार्टरजवळ 230 व मोटारीजवळ 210 व्होल्ट मिळतात, करंट 10 अँपिअर आहे. म्हणजे रोध किमान 2 ओहम. किमान 200 वॅट केबल तापण्यातच जातात. 5 तासांत 1 युनिट.

कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट घेते आणि वायंडिंग तापते. आधी सैल, गंजलेले जोड दुरुस्त करावेत. तरीही घट राहिल्यास जाड तारेची केबल टाकावी.