आज्ञा दिली, ती मागे कशी घ्यायची?

संगणकाला आज्ञा देण्याच्या दोन रीती आहेत. पडद्यावरील चित्रांवर माऊसने टिचकी मारणे ही एक आणि आज्ञा शब्दांत टंकून एंटर कळ दाबणे ही दुसरी. या दुसऱ्या रीतीला कमांड लाइन म्हणतात. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स प्रणालींचे सामर्थ्य बव्हंशी तिच्यात एकवटले आहे. मात्र तिच्याविषयीची एक तक्रार फार जुनी आहे. आज्ञा देण्याची सोय पुष्कळ, पण दिलेली आज्ञा रद्द कशी करावी, हे पडद्यावर बहुधा कोठेच लिहिलेले नसते.

या तक्रारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘व्हिम’ हा मजकूर-संपादक. त्यातून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न २०१२ मध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळावर विचारला गेला आणि मे २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा वाचला गेला. उत्तर छोटे आहे : एस्केप कळ दाबावी, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टंकून एंटर दाबावे; केलेले बदल टाकून देऊन व्हिम बंद होतो. पण ते अंदाजाने सुचणे अशक्य. केवळ विनोदाचा विषय म्हणून या प्रश्नाकडे पाहणे योग्य नव्हे.

‘रद्द’चे चार अर्थ

गोंधळाचे मूळ असे, की चित्रमय पडद्यावर एका ‘कॅन्सल’ बटणात सामावणाऱ्या गोष्टी कमांड लाइनवर वेगवेगळ्या असतात. पहिली, चालू काम थांबवणे. त्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबतात. तेव्हा प्रोग्रॅमकडे व्यत्ययाचा संकेत जातो. तो मिळाल्यावर प्रोग्रॅम आवराआवर करून थांबू शकतो किंवा त्याकडे दुर्लक्षही करू शकतो. दुसरी, काम स्थगित करणे. कंट्रोल-झेड दाबल्यास प्रोग्रॅम दिसेनासा होतो, पण बंद होत नाही. स्मृतीत तसाच पडून राहतो आणि ‘एफजी’ ही आज्ञा दिल्यास परत येतो. विंडोजमध्ये याच कळांनी शेवटची कृती मागे घेण्याची सवय झालेला माणूस येथे हमखास फसतो. तिसरी, बाहेर पडणे. कोऱ्या ओळीवर कंट्रोल-डी दाबणे म्हणजे ‘आता आणखी काही सांगायचे नाही’ असे कळवणे.

चौथी गोष्ट म्हणजे झालेले पूर्ववत करणे. बहुतेक आज्ञांच्या बाबतीत यासाठी कोणतीही कळ नाही. आगगाडीतील साखळी ओढली की गाडी थांबते, मागच्या स्थानकात परत जात नाही, कंट्रोल-सीचेही तसेच. फायली पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञा अर्ध्यावर थांबवली, तर उरलेल्या फायली वाचतात. पुसलेल्या परत येत नाहीत.

वारसा आणि अडचण

ही रचना दुष्टपणाने झालेली नाही. व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात लिहिला. तेव्हा मोडेमवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे येत. अशा वेळी सूचनांच्या ओळी पडद्यावर सतत दाखवणे ही चैन होती. पुढे वेग वाढला, पण सवयी आणि त्या सवयींवर उभे राहिलेले असंख्य प्रोग्रॅम तसेच राहिले. कळा बदलाव्यात तर जुन्या जाणत्यांचे काम अडते, न बदलाव्यात तर नवखे अडतात. बरेचसे मुक्तस्रोत प्रकल्प स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि त्यांत भर पडते ती मुख्यतः जाणत्यांची. त्यामुळे नवख्यांचा आवाज तेथे क्षीण राहतो.

हानी मात्र खरी असते. डेबियन किंवा उबुंटूमध्ये नवे सॉफ्टवेअर बसवण्याचे काम घाबरून मध्येच तोडले, तर पुढच्या वेळी ‘डीपीकेजी’ अडून बसतो आणि दुरुस्तीची वेगळी आज्ञा मागतो. काही केल्या न थांबणाऱ्या प्रोग्रॅमला अनेक जण ‘किल’ या आज्ञेने ९ क्रमांकाचा संकेत पाठवतात. तो टाळता येत नाही, पण त्यामुळे आवराआवरीची संधीही मिळत नाही आणि अर्धवट लिहिलेली फाइल तशीच मागे राहते.

तक्रारींना आलेले फळ

तक्रारी वाया गेल्या नाहीत. ‘पोस्टग्रेस’ या माहितीसाठ्याच्या कमांड लाइनमधून बाहेर पडण्यासाठी पूर्वी उलटी तिरकी रेघ आणि क्यू टंकावे लागे. ऑक्टोबर २०१८ मधील ११ व्या आवृत्तीपासून ‘क्विट’ आणि ‘एक्झिट’ हे साधे शब्दही चालू लागले. अर्धवट लिहिलेल्या प्रश्नाच्या मध्येच ते टंकले, तर चुकून बाहेर न काढता योग्य मार्गाची सूचना मिळते. पायथनच्या संवादी पडद्यावर नुसते ‘एक्झिट’ लिहिले, की ‘कंस लावून लिहा’ असा उपदेश मिळे. म्हणजे हेतू कळला, पण काम केले नाही! ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत तो शब्द मुकाट्याने मानला जाऊ लागला. व्हिमही आता कंट्रोल-सी दाबल्यास बाहेर पडण्याची रीत तळाशी लिहून दाखवतो. ‘नॅनो’ या संपादकात तर मुख्य कळांची यादी मुळातच तळाला असते.

यांपैकी एकाही बदलाने जुन्या कळा काढून घेतल्या नाहीत. जाणत्यांची वाट तशीच ठेवून नवख्यांसाठी दुसरे दार उघडले, एवढेच. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांत सहज दिसणाऱ्या ‘आपत्कालीन दारा’चा समावेश आहे, तो याचसाठी.

तोवर वापरणाऱ्याने क्रम ध्यानात ठेवावा. पडदा गोठल्यासारखा वाटला तर प्रथम कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. चुकून कंट्रोल-एस दाबले गेले असल्यास तेवढ्याने काम भागते. मग कंट्रोल-सी. त्यानेही न भागल्यास ‘किल’ची साधी आज्ञा, म्हणजे १५ क्रमांकाचा विनंतीवजा संकेत, ९ क्रमांक सर्वांत शेवटी. आणि पुसणाऱ्या आज्ञेपूर्वी एकदा फायलींची यादी पाहावी. कारण तेथे रद्द करण्याची वेळ एंटर दाबण्यापूर्वीच असते.