अक्षरओळख, यंत्रओळख आणि पारख

मुलाला काय शिकवावे आणि कशाकरिता शिकवावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्या वेषात येऊन उभा राहतो. आमच्या पणजोबांच्या काळी मुलाला बालबोध वाचता आले, मोडीची वळणे गिरवता आली आणि पावकी-निमकी तोंडपाठ झाली, म्हणजे तो कारकुनीस लायक झाला असे समजत. पुढे इंग्रजी आले, टंकलेखन आले. आणि आता प्राथमिक शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेपासून संगणक आला आहे. सात वर्षांचे मूल कळफलकावर आपले नाव उमटविते, पडद्यावर चित्र रंगविते आणि हवी ती चित्रफीत शोधून काढते. हे पाहून घरातील वडीलधाऱ्यांना कौतुक वाटते, आणि ते योग्यही आहे. परंतु पडद्यावर आलेला मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणाच्या लाभाकरिता लिहिला, हे विचारण्याची सवय त्या मुलाला कोणी लावली आहे काय? यंत्र चालविण्याच्या कौशल्यास संगणक-साक्षरता म्हणतात. दुसऱ्या गोष्टीस अलीकडे माध्यम-साक्षरता असे नाव मिळाले आहे. या दोहोंचा आपल्या देशातील शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. यंत्र शाळेत लवकर पोहोचते. पारख मागाहून येते आणि पुष्कळदा येतच नाही.

या इतिहासाचा आरंभ आम्ही बडोद्यापासून करतो. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये ते शिक्षण सर्व राज्यास लागू केले. एवढ्यावर ते थांबले असते, तरी त्यांचे नाव इतिहासात राहिलेच असते. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक न पडलेले मूल काही वर्षांत अक्षरेही विसरते, हे या चाणाक्ष राज्यकर्त्याने ओळखले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी वाचनालये निघाली आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली. मुलांसाठी निराळे दालन झाले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षण शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोपमधून पाहावयाची जोडचित्रे आणि चलच्चित्रे घेऊन ही शाखा निरक्षर रयतेपर्यंत जात असे. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास आपल्या 'शांबरिक खरोलिके'ने जे रंजनासाठी केले, ते बडोद्याने शिक्षणासाठी केले असे म्हणता येईल. नव्या माध्यमाला बडोद्याने शिक्षणखात्याच्या कोपऱ्यात न टाकता ग्रंथालयाच्या शेजारी बसविले. अक्षरओळख ही शाळेची जबाबदारी आणि वाचनाची गोडी ही ग्रंथालयाची, अशी ती वाटणी होती.

त्याच १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तिचे एक संस्थापक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला होता. मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या त्या काळचे अस्सल पत्र अधिक विश्वसनीय मानावे, असा त्यांचा आग्रह होता. पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या तारखेचे, लेखक घटनास्थळी होता की ऐकीव सांगतो, हे प्रश्न त्यांनी मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडले. आज परदेशी विद्यापीठांतून माध्यम-साक्षरतेचे जे पाठ दिले जातात, त्यांतील मूळ प्रश्न याहून फारसे निराळे नाहीत. आमच्या दप्तरखान्यांतील कारकुनासही अस्सल आणि नक्कल यांतील भेद, शिक्का-मोर्तबाची तपासणी आणि खाडाखोडीचा संशय या गोष्टी धंद्याच्या म्हणूनच ठाऊक होत्या. परंतु ही विद्या संशोधक मंडळांत आणि कचेऱ्यांत राहिली. प्राथमिक शाळेच्या वर्गात ती उतरली नाही. तेथे छापलेले ते खरे, हीच समजूत पक्की होत गेली.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा प्रयोग दूरचित्रवाणीचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन भारताने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविले. हा 'साइट' प्रयोग होय. सकाळची वेळ पाच ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी राखलेली असे. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा, रायचूर आणि आंध्रातील हैदराबादकडील खेडीही त्यात होती. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या भाषांत असत. त्या भागांतील मराठी घरांतल्या मुलांनीही ते परभाषेतूनच पाहिले असणार. या प्रयोगातील सर्वांत शहाणपणाचा भाग आम्हांस वाटतो तो असा, की सुट्ट्यांच्या काळात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण याच माध्यमातून दिले गेले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. शिक्षकांनी जे आत्मसात केले, ते मात्र त्याच्याबरोबर गेले नाही.

तोवर परदेशात संगणक मुलांच्या हाती येऊ लागला होता. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी वॉलेस फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पडद्यावरील कासवाला 'इतकी पावले पुढे जा, इतके अंश वळ' असे सांगून मूल चौकोन, तारा, फूल काढते. पॅपर्ट यांचा सिद्धांत असा होता, की संगणकाने मुलाला चालविण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावे. चौकोन चुकला तर आपल्या सूचनेत कोठे गफलत झाली हे मूल स्वतः शोधते, आणि त्या शोधात भूमिती शिकते. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला.

आपल्याकडे शालेय संगणकाचा आरंभ १९८४ मध्ये 'क्लास' या केंद्रीय योजनेने झाला. ब्रिटनमध्ये बीबीसीने दूरचित्रवाणी मालिकेच्या जोडीने जो 'बीबीसी मायक्रो' संगणक लोकप्रिय केला होता, तोच सुमारे २५० निवडक शाळांत आला. या शाळा माध्यमिक आणि उच्च माध्यमिक होत्या. प्राथमिक शाळा या योजनेबाहेर होत्या. पाठ इंग्रजीत, शिक्षकांचे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे, आणि बिघडलेले यंत्र दुरुस्त होण्याची शाश्वती नाही, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी झाली.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना याचे आश्चर्य वाटत नाही. शाळेस मिळालेली यंत्रसामग्री डेडस्टॉक रजिस्टरात चढते. तिची जबाबदारी मुख्याध्यापकाच्या शिरावर येते. मोडतोड झाली तर खुलासा त्यास द्यावा लागतो. वापर झाला नाही तर कोणी विचारीत नाही. अशा व्यवस्थेत सावध माणूस संगणकावर प्लास्टिकचे आच्छादन घालतो आणि खोलीला कुलूप लावतो. तपासणीच्या दिवशी आच्छादन निघते. दोष त्या बिचाऱ्याचा नाही. वस्तू मोजणारी आणि शिक्षण न मोजणारी पद्धत त्यास कारण आहे.

या कुलपास एक विलक्षण उत्तर २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत मिळाले. एनआयआयटी या संस्थेतील डॉ. सुगत मित्र यांनी कालकाजी येथील आपल्या कार्यालयाच्या भिंतीत भोक पाडून, पलीकडील वस्तीतील मुलांसाठी इंटरनेट जोडलेला संगणक बसविला. शिकवणारा कोणी नव्हता. मुले आपापसांत शिकली. पडद्यावरील बाणाला त्यांनी 'सुई' म्हटले आणि थांबण्याची खूण असलेल्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'! पुढचा प्रयोग झाला तो शिवपुरीस, शिंदे सरकारांच्या उन्हाळी राजधानीच्या गावी. पाठोपाठ २००० मध्ये मध्य प्रदेश शासनाने राजीव गांधी शिक्षा मिशनतर्फे 'हेडस्टार्ट' योजना काढली आणि जनशिक्षा केंद्रांत संगणक देऊन, परिसरातील प्राथमिक शाळांच्या मुलांसाठी हिंदीतून पाठ तयार केले. संगणक लहान मुलांचा आहे आणि तो त्यांच्या भाषेत बोलला पाहिजे, ही दोन्ही तत्त्वे त्यात मान्य झाली. भिंतीतील संगणकाने एवढे निर्विवाद सिद्ध केले, की यंत्र हाताळणे मुलाला शिकवावे लागत नाही. मात्र त्याचाच दुसरा अर्थ असा, की शिक्षकाचे खरे काम यंत्र हाताळणीच्या पलीकडे सुरू होते.

मराठीची कथा थोडी वेगळी. संगणकावर देवनागरी आणण्याचे काम १९८० च्या दशकात जोमाने झाले, पुण्याच्या सी-डॅकने त्यात मोठा वाटा उचलला आणि भारतीय लिपींसाठी संकेतांचे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरले. तरीही पुढील कित्येक वर्षे एका अक्षरसंचात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की निरर्थक खुणा दिसत. युनिकोड रुळल्यावर ही अडचण सरली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि मराठीत लिहून त्यास आधार जोडण्याची मुभा शाळकरी मुलासही मिळाली. आम्हां बृहन्महाराष्ट्रातील मंडळींना यातील धोका निराळ्या रीतीने कळावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या घरांतून मोडी कागदांचे रुमाल अद्याप आहेत. शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास गेली, आणि दोन पिढ्यांत सुशिक्षित नातवंडे आजोबांच्या हस्ताक्षरापुढे निरक्षर झाली. माध्यम बदलताना जे शिकविले जात नाही, ते असे हातातून जाते.

माध्यम बदलण्याचा वेग पुढे इतका वाढला, की फोन हीच शाळा झाली. मार्च २०२० पासून शाळा बंद पडल्यावर तर ज्या मुलांच्या हाती फोन देऊ नये असे आपण म्हणत होतो, त्यांच्या हाती तो आपणच दिला. पण अफवांचा प्रश्न त्याआधीच उभा होता. केरळात २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीविरुद्ध फोनवरून अफवा पसरल्या आणि आईबापांनी मुलांना लस देण्याचे नाकारले. यावरून धडा घेऊन २०१८ मध्ये कन्नूरचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे १५० शासकीय शाळांत 'सत्यमेव जयते' हा उपक्रम राबविला. खोटी बातमी कशी ओळखावी, ती का पसरते, पुढे पाठविण्यापूर्वी काय तपासावे, हे तेथे वर्गात शिकविले गेले. मुले थोडी मोठी होती. पण लहानांनाही हे जमते, असे फिनलंडने मानले आहे. तेथील २०१६ पासून अमलात आलेल्या अभ्यासक्रमात निरनिराळ्या माध्यमांतील मजकूर समजून घेणे व पारखणे पहिल्या इयत्तेपासून सर्व विषयांत गुंफले आहे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकाची आज्ञावली लिहिण्यास स्थान दिले. ते स्वागतार्ह आहे. त्याच्या जोडीला राजवाड्यांचे चार प्रश्न मिळाले, तर ते पूर्ण होईल.

येथे सीमेवरच्या आणि परप्रांतातील मराठी घरांजवळ एक संपत्ती आहे, तिचा विसर पडू नये. बेळगावचे मूल मराठी आणि कन्नड जाणते, बडोद्याचे मराठी आणि गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरचे मराठी आणि हिंदी, गोव्याचे मराठी आणि कोकणी. बेळगावात एकाच मोर्चाची बातमी दोन भाषांतील दोन वृत्तपत्रांत शेजारी ठेवून वाचली, की मथळा, छायाचित्र, गर्दीचा आकडा आणि गाळलेला मजकूर यांतील अंतर दहा वर्षांच्या मुलालाही दिसते. एकभाषिक मुलाला यासाठी मुद्दाम पाठ रचावा लागेल. आमच्या मुलांना तो घरबसल्या मिळतो. घरात वापरातून गेलेली मराठी पुन्हा हाती धरण्यास एवढे एकच कारण पुरेसे आहे असे आम्हांस वाटते.

आपल्या मंडळांची वाचनालये दुपारी रिकामी असतात. तेथे आठवड्यातून एक तास आठ-दहा मुले, एक संगणक, दोन भाषांतील वर्तमानपत्रे आणि एक निवृत्त शिक्षक इतके जमले, तरी आरंभ होईल. मुलांनी आजीला विचारून घराण्याच्या गावाविषयी दहा ओळी मराठीत टंकाव्यात आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोठून कळली हे लिहावे: ऐकीव, छापील की कागदोपत्री. बडोद्याने शाळेशेजारी ग्रंथालय उभे केले होते. संगणकाच्या शेजारी तसे काय उभे करावयाचे, हे ठरविण्यास शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.