मदरबोर्ड घेताना : कमी किमतीत दीर्घायुषी संगणक कसा निवडावा?

नवी दिल्ली : विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मोजके अपवाद वगळता इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आवश्यक आहे. त्यामुळे आजही सुरळीत चालणाऱ्या अनेक डेस्कटॉप संगणकांचे मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली आहे. कॅबिनेट, एसएमपीएस, हार्ड डिस्क, मॉनिटर हे सर्व जुनेच ठेवता येते. मात्र पुढील आठ-दहा वर्षांत संगणकात काय बसू शकेल आणि काय नाही, हे मदरबोर्ड ठरवतो.

सर्वप्रथम पाहावे ते सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा. या बाबतीत दोन कंपन्यांचा इतिहास भिन्न आहे. इंटेलने २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले तेव्हा सॉकेटचे नाव आधीचेच, एलजीए ११५१, राहिले. पण जुन्या मदरबोर्डवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. त्यानंतर २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ असे बदल होत गेले. याउलट एएमडीचे एएम४ सॉकेट दीर्घकाळ टिकले. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बी३५० मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता येतो. अर्थात हे आपोआप घडले नाही. जुन्या चिपसेटना नवे प्रोसेसर मिळणार नाहीत, अशी कंपनीची २०२० मधील भूमिका होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर ती टप्प्याटप्प्याने बदलली. ज्यांच्याकडे एएम४ मदरबोर्ड आहे, त्यांनी नव्या खरेदीपूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी अवश्य पाहावी. अनेकदा केवळ प्रोसेसर बदलून काम भागते आणि जुनी डीडीआर४ रॅमही वाया जात नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, दीर्घ आयुष्य हाच निकष असेल तर, सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट अधिक भरवशाचे वाटते. त्यावर रायझन ७०००, ८००० आणि ९००० या तिन्ही मालिका चालतात आणि किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. मात्र त्यासाठी डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात. त्यामुळे हाताशी चांगली डीडीआर४ रॅम असेल तर तो मार्ग स्वस्त पडतो. फक्त त्या सॉकेटचा प्रवास चौदाव्या पिढीपाशी संपला आहे, हे गृहीत धरावे.

चिपसेटच्या आकड्यांवर विसंबू नये. बी८४० हे नाव बी६५० पेक्षा नवे आणि मोठे वाटते; प्रत्यक्षात त्याची क्षमता कमी आहे व त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही.

कमी किमतीच्या मदरबोर्डात खरी काटकसर होते ती वीजपुरवठ्याच्या मंडलात, म्हणजे व्हीआरएममध्ये. एसएमपीएसकडून येणारा १२ व्होल्टचा दाब हे मंडल प्रोसेसरसाठी साधारण एक व्होल्टच्या आसपास आणते आणि त्यात उष्णता निर्माण होते. ‘६५ वॅट’ असे लिहिलेला रायझन प्रोसेसर ताण आल्यावर ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. व्हीआरएमवर धातूचे उष्णताशोषक, अर्थात हीटसिंक, नसेल तर उत्तर भारतातील किंवा विदर्भातील उन्हाळ्यात, पंख्याखालच्या खोलीत, हे मंडल तापते आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. आज सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन चार वर्षांनी बारा कोअरचा बसवण्याचा बेत असेल, तर ए६२० किंवा एच६१० चिपसेटच्या सर्वांत स्वस्त मदरबोर्डावरील बचत तेव्हा अंगलट येते. हीटसिंक असलेला, चार रॅम स्लॉटचा साधा बी६५० किंवा बी७६० मदरबोर्ड हा अशा वेळी योग्य मध्यम मार्ग ठरतो. रंगीत दिवे आणि वाय-फाय यांसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. वाय-फाय नंतरही जोडता येते.

उत्पादक बायोस किती काळ अद्ययावत ठेवतो, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष आढळल्यानंतर २०२४ मध्ये त्यावरील उपाय बायोसमार्फतच देण्यात आला. प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हने बायोस बदलण्याची सोय असलेला मदरबोर्ड मिळाल्यास उत्तम.

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड अशा बाजारांत एच६१ चिपसेटचे ‘नवे’ मदरबोर्ड अत्यल्प दरात दिसतात. हा चिपसेट २०११ चा आहे. त्यावर बसणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, त्यामुळे नव्या संगणकासाठी त्यांचा विचारही करू नये.

खरेदीच्या वेळी खोका दुकानातच उघडून सॉकेटमधील पिना प्रकाशात तपासाव्यात. एलजीए आणि एएम५ या दोन्ही प्रकारांत त्या मदरबोर्डावर असतात, आणि वाकलेल्या पिनांसाठी सहसा वॉरंटी लागू होत नाही. बिलावर मदरबोर्डचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.