शाईच्या थेंबाची बखर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर नव्या चोपड्या, लेखणी आणि दौत मांडून त्यांना हळदकुंकू वाहण्याचा प्रघात आपल्या पेढ्यांतून फार जुना आहे. ज्या साधनाने वर्षाचा हिशेब लिहावयाचा, त्याला आधी नमस्कार करावा, ही त्यामागची भावना. आज पुष्कळ घरांत दौतीची जागा एका काळ्याकरड्या पेटीने घेतली आहे. मुलांचे प्रकल्प, परीक्षेचे प्रवेशपत्र, सातबाराचा उतारा, सारे तिच्यातून बाहेर पडते. हीच ती इंकजेट प्रिंटर नावाची पेटी. नवी असते तोवर ती लाडकी असते. पाचसहा वर्षांची झाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शाई भरून आणू. दुसरा म्हणतो, त्यात थोडे पैसे घातले तर नवाच येईल! वाद वरवर घरगुती खरा. पण त्याच्या मुळाशी दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि एक प्रश्नही आहे. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू नक्की कोणाची?

शाई संपली की ती पुन्हा भरावयाची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागले नाही. काजळी आणि डिंक घोटून शाई करणे हा घरोघरचा उद्योग होता. लेखनाच्या साहित्याची निगा किती ठेवावी, हे समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात एक सबंध समास घालून सांगितले आहे. पुढे टाक आला, त्यामागून फाउंटन पेन आले. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकावयास काढल्या. पाण्यात वडी विरघळली की दौत भरली. दौत एकाची आणि शाई दुसऱ्याची, यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. दौत विकणाऱ्याने 'माझीच शाई घाला' असा हट्ट धरला असता, तर लोक हसले असते.

आता समुद्रापलीकडे जाऊ. 1866 साली अटलांटिक महासागराच्या तळातून तारायंत्राची केबल यशस्वी रीतीने टाकली गेली. 1870 साली मुंबईही अशाच केबलने एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. पण एवढ्या लांबून येणारा विजेचा प्रवाह इतका क्षीण असे, की त्याच्या जोरावर कागदावर लेखणी ओढणे अशक्य. नुसत्या घर्षणानेच ती अडे. विल्यम टॉम्सन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1867 साली यावर युक्ती काढली. केसासारख्या बारीक काचनळीचे एक टोक शाईत ठेवावयाचे, दुसरे कागदाच्या फितीजवळ, पण तिला न टेकवता. आणि शाईला विद्युतभार द्यावयाचा. शाई कणाकणाने उडून फितीवर पडे आणि संदेशाची नागमोडी रेघ उमटे. कागदाला न शिवता लिहिणारी ही लेखणी इंकजेटची पणजी म्हणावयास हरकत नाही.

पाण्याची धार थोडे अंतर जाताच थेंबांत का फुटते, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1870 नंतरच्या दशकात मांडले. ते गणित कागदावरच राहिले असते. पण स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट या वैद्यकशास्त्र शिकलेल्या संशोधकाने शाईची सूक्ष्म धार वापरून हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे यंत्र बनवले आणि 1951 साली त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. 1958 साली माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर याच गृहस्थांनी घडवला होता! 1960 नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी धारेतल्या प्रत्येक थेंबाला वेगळा भार देऊन त्याला हवे तिकडे वळवण्याची करामत साधली. दुधाच्या पिशवीवरची तारीख ज्या यंत्रांनी छापली जाते, त्यांतली कित्येक याच घराण्यातली.

मात्र घरगुती प्रिंटरचा जन्म एका अपघातातून झाला. 1977 साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो हे संशोधक काम करीत होते. शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला डाख देण्याची तापलेली सळई चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाईची चिळकांडी उडाली. एंडोंनी त्यातले मर्म ओळखले. उष्णतेने शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि तो पुढची शाई ढकलतो. याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील जॉन व्हॉट हेही स्वतंत्रपणे याच कल्पनेशी पोहोचले. 1984 साली त्या कंपनीचा थिंकजेट हा छोटा प्रिंटर 495 डॉलरला बाजारात आला. कॅननचा 1985 साली. एप्सनने निराळी वाट धरली. क्युरी बंधूंनी 1880 साली दाबाने वीज देणारे स्फटिक शोधले होते. उलट वीज दिली, तर असे स्फटिक किंचित आकार बदलतात. या हालचालीने शाई दाबून बाहेर काढणारा एप्सनचा स्टायलस 1993 साली आला. दोन्ही रीतींत आज एकेका थेंबाचे माप पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लक्ष कोटीव्या भागांत, मोजतात.

येथे कथेला वळण मिळाले. बुडबुड्याच्या प्रिंटरात शाई क्षणोक्षणी तापते. त्यामुळे तापणारी पट्टी झिजते, बारीक छिद्रे तुंबतात. थिंकजेटच्या कर्त्यांनी सोपा तोडगा काढला. छिद्रांचा मुखडा आणि शाईची डबी एकत्रच करा; शाई संपली की दोन्ही फेकून द्या आणि नवे बसवा. या डबीला कार्ट्रिज म्हणतात. बंदुकीचे काडतूस हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला. तो आणि कार्ट्रिज मूळचे एकाच कुळातले. एकदा उडवावे आणि टाकावे, हा गुणही दोघांत सारखाच! कारागिराची ती अडचणीवरची तोड होती. व्यापाऱ्याने तिचे सूत्र केले. 1988 साली हजार डॉलरच्या घरात असलेला डेस्कजेट. पण शतक संपता संपता प्रिंटर शंभर डॉलरच्या आत मिळू लागले. नफा यंत्रात उरला नाही, तो शाईत गेला. छोट्या कार्ट्रिजमध्ये चहाच्या चमच्याएवढी शाई, आणि तिची किंमत विचारू नये अशी.

मग गल्लोगल्ली शाई भरून देणारी दुकाने निघाली. त्यांचे मुख्य हत्यार कोणते? इंजेक्शनची सुई! ज्या सुईतून या यंत्राची कल्पना उडाली, तीच सुई आता कार्ट्रिजच्या झाकणातून आतल्या स्पंजात शाई सोडू लागली. कंपन्यांनी कार्ट्रिजवर चिप बसवली. ती शाईचा हिशेब ठेवते आणि परक्या कार्ट्रिजला दारही लावते. सप्टेंबर 2016 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे कित्येक प्रिंटर एकाएकी इतरांची कार्ट्रिज नाकारू लागले. ओरड झाल्यावर कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

वाद न्यायालयांतही गेले, आणि निकाल एकमुखी लागले नाहीत. 2007 साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅननच्या बाजूने कौल दिला. रिकाम्या कार्ट्रिजला भोक पाडून, धुऊन, पुन्हा भरून विकणे म्हणजे जणू नवी वस्तू बनवणे, असे ठरले. 2017 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या दाव्यात उलट सांगितले. तो वाद टोनरच्या कार्ट्रिजचा होता. पण तत्त्व तेच. वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पुढे तिचे काय करावे हे घेणाऱ्याने ठरवावे.

आणि या भांडणाचा खरा निकाल लावला तो सामान्य गिऱ्हाइकाने! इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून घेत. हे पाहून एप्सनने 2010 साली तेथे स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला. यंत्र महाग, शाई स्वस्त, भरणे आपल्या हाती. आज आपल्या बाजारातही या टाकीवाल्यांची चलती आहे. दौत परत आली म्हणा ना!

आता घरातल्या त्या दोन पक्षांकडे वळू. छपाई फिकट झाली म्हणून यंत्र म्हातारे झाले, असे नव्हे. मुखडा कार्ट्रिजवरच असेल, तर नव्या कार्ट्रिजने तो नवा होतो; शाई भरावयाची तर स्पंज वाळण्यापूर्वी, आणि दोनचार वेळांहून अधिक अपेक्षा न ठेवता. मुखडा यंत्रातच असेल, तर त्याला वाळू देणे हेच मोठे पाप. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापावे आणि यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावे, म्हणजे मुखड्यावर टोपी बसते. मुखडा साफ करण्याच्या आज्ञेत शाई वाया जाते आणि तळाशी असलेल्या बोळ्यात मुरते. तो भरला की यंत्र संप पुकारते, पण बोळाही पुष्कळदा बदलता येतो. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून पुढे गेला आणि घरात छपाई रोजचीच असली, तर मात्र टाकीवाला घ्यावा. जुना उकिरड्यावर टाकू नये. 2011 च्या नियमांपासून प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज आपल्या देशात ई-कचऱ्यात धरली जातात, तेव्हा ती तशा संकलकाकडेच द्यावी.

थेंब एवढासा, पण त्याच्यावर मालकी कोणाची यासाठी सर्वोच्च न्यायालये बसली. यंत्र घेताना त्याची किंमत तर आपण पाहतोच. त्याची दौत आपल्या हाती राहणार की दुकानदाराच्या, तेवढे आधी विचारावे. तसा प्रिंटर घरी असेल, तर यंदा चोपडीशेजारी त्यालाही हळदकुंकवाचे बोट लावावयास हरकत नाही.