लहान टर्बो पेट्रोल इंजिन : दोष आणि निगा

टर्बोचार्जरमुळे लहान पेट्रोल इंजिनातून अधिक शक्ती मिळते. मात्र त्याचे आयुष्य प्रामुख्याने इंजिन ऑइलवर अवलंबून असते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. ऑइल जुने झाल्यास उष्णतेने त्याची काजळी साचून वाहिन्या तुंबतात.

फोर्डच्या ९९९ सीसी इकोबूस्ट इंजिनाने २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षे सर्वोत्तम इंजिनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार पटकावला. तथापि, ऑइल पंपाच्या बेल्टशी निगडित दोषामुळे २०२३ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे १ लाख ४० हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. ऑइलचा दाब घटल्यास धावत्या मोटारीचे इंजिन बंद पडू शकते.

त्यामुळे निर्मात्याने ठरवून दिलेल्या प्रतीचेच ऑइल वापरून ते मुदतीत बदलावे. वेगवान प्रवासानंतर इंजिन मिनिटभर संथ चालवून मगच बंद करावे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास मोटार सुरक्षित जागी तत्काळ थांबवावी.