गायतोंडे यांचा समुद्र

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयी बोलणे निघाले की ‘समुद्र’ हा शब्द हटकून येतो. त्याला आधारही आहे. घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करीत, तेव्हा समुद्र समोरच होता आणि त्याकडे ते तासन्‌तास पाहत बसत. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातली त्यांची बरीच चित्रे आडवी आहेत. एकाच रंगाच्या पसाऱ्यात मध्येच एखादा आडवा पट्टा उमटतो. पाहणाऱ्याला क्षितिज दिसते आणि चित्र ‘कळल्याचे’ समाधान मिळते.

तारखा ओळीने मांडल्या की मात्र हे समाधान टिकत नाही. गायतोंडे यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. १९४८ला ते जे. जे.तून बाहेर पडले. १९६४ला रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९६८च्या सुमारास त्यांनी आडवा कॅनव्हास सोडला आणि पुढे उभाच वापरला. मुंबई सोडून ते दिल्लीला स्थायिक झाले १९७२ला. म्हणजे समुद्र नजरेआड होण्याच्या चारएक वर्षे आधीच चित्रातले क्षितिज गेले होते! आणि जिथे समुद्र नाही त्या दिल्लीत चित्रांची खोली कमी झाली नाही, उलट वाढली.

मग समुद्राने त्यांना दिले काय? माझ्या मते, विषय नव्हे तर सवय दिली. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाच्या तुकड्यांनी उमटवायचा वा उचलायचा, थरावर थर चढू द्यायचा. हात चालण्यापेक्षा कॅनव्हाससमोर नुसते बसण्यातच अधिक वेळ जाई. वर्षाकाठी हातावेगळी होत ती मोजकीच चित्रे. पाण्याकडे पाहत बसणाऱ्या माणसाची ही रीत आहे. स्मृती इथे चित्रात दिसत नाही, ती चित्र करण्याच्या पद्धतीत मुरलेली आहे.

एक कबुली द्यायला हवी. त्यांचे पिवळसर रंगाचे एक चित्र मी प्रथम पाहिले, तेव्हा मला समुद्र दिसलाच नाही. मी नगरचा. मला दिसला पारनेरकडचा मे महिन्यातला माळ, धुळीत कड विरून गेलेला. कित्येक दिवस मी तो माळ चित्रात खरोखरच आहे असे धरून चाललो होतो. त्या माळाशी गायतोंडे यांचा काय संबंध? तो माझा होता, मीच तो चित्रात नेला होता. समुद्र पाहणाऱ्यांचेही थोडेफार असेच होत असावे.

गायतोंडे यांना ‘अमूर्त’ हे विशेषण मान्य नव्हते. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही. ‘समुद्र’ असे नाव एकदा दिले असते, तर आमच्या माळाला तिथे जागाच उरली नसती.