वाटाड्या

मराठीत ‘वाटाड्या’ असा एक जुना शब्द आहे. वाट दाखविणारा, एवढाच त्याचा कोशातील अर्थ. परंतु सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखात या एका शब्दामागे गावगाड्याची एक संपूर्ण व्यवस्था उभी होती, आणि त्या व्यवस्थेखाली कित्येक पिढ्यांचे कष्ट दडलेले होते. हल्ली शहरांतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड अशा ठिकाणी जातात. पायथ्याच्या गावातील एखादा जाणता गडी त्यांना वर नेतो. रात्री त्याच्याच घरी भाकरी-पिठले खाऊन त्यांचा मुक्काम पडतो आणि सकाळी निघताना ठरलेले पैसे घरधनिणीच्या हाती दिले जातात. हा व्यवहार नव्या काळातला वाटतो. पण वाट दाखविणे आणि रात्रीचा आसरा देणे ही डोंगरातील गावांची कामे फार जुनी आहेत. नवे आहे ते एवढेच की, ही कामे करणाऱ्याला आता नकार देता येतो आणि आपल्या कामाचे मोल सांगता येते. एवढा बदल घडून येण्यास किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे.

सह्याद्रीत वाट शोधणे हे साधे काम नव्हे. पश्चिमेला कोकणात कोसळणारे उभे कडे, पूर्वेला एकमेकींत गुंतलेल्या डोंगरांच्या सोंडा, आणि मधल्या पदरात दाट रान. कड्यावरून खाली उतरायचे तर एखादी खिंड किंवा नाळ गाठावी लागते, आणि ती दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. रानात पायवाटेसारख्याच दिसणाऱ्या ढोरवाटा असतात. नवखा माणूस त्या धरून चालू लागला की चाऱ्याच्या उतारावर किंवा कड्याच्या काठावर येऊन थांबतो. पावसाळ्यात धुके उतरले म्हणजे समोरचे झाडसुद्धा ओळखू येत नाही. उन्हाळ्यात कोणत्या टाक्यात पाणी टिकते आणि कोणते टाके फाल्गुनातच आटते, हे गुराख्यालाच माहीत. ही विद्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नव्हती. बापाने पोराला गुरांमागे, मधामागे, सरपणामागे नेताना ती दिली.

या वाटांचा इतिहास सातवाहनांपर्यंत मागे जातो. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सुमारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात कोरलेले लेणे आहे. त्यात नागनिका राणीच्या प्रसिद्ध लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे अशा दानांची नोंद आहे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आजही जकातीचा म्हणून दाखविला जातो. वाटेत पाण्याची टाकी खोदलेली आहेत. व्यापारी तांडे या वाटेने येत-जात, लेण्यात आसरा घेत, टाक्याचे पाणी पीत. राजाचे नाव दगडावर कोरले गेले. तांड्यांना वर चढविणाऱ्या डोंगरी माणसाचे नाव कोठेही कोरलेले नाही. इतिहासातील वाटाड्याचे हे अनामपण येथूनच सुरू होते.

त्याच्या ज्ञानाचे मोल युद्धाच्या प्रसंगी मात्र स्पष्ट दिसले. २ फेब्रुवारी १६६१ या दिवशी उंबरखिंडीत जे घडले, ते याचे उत्तम उदाहरण होय. शायिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरत होता. हत्यारे होती, माणसे होती, सामानसुमान भरपूर होते. परंतु अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंचे जंगल यांत ती फौज अडकली, आणि डोंगराचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेल्या शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तिला पुढे-मागे कोंडून धरले. शेवटी खानाला शरण येऊन वाट मागावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे महाराज रात्रीच्या पावसात निघाले, तेव्हा हिरडस मावळातील बांदलांचे डोंगरी लोक बरोबर होते. पावनखिंडीची कथा बाजीप्रभूंच्या पराक्रमाची आहेच. ती अंधारात पाऊल न चुकणाऱ्या पायांचीही आहे.

युद्ध हा प्रसंगविशेष झाला. रोजच्या जीवनात वाट दाखविण्याचे काम कोणाकडे होते? देशावरच्या गावगाड्यात ते वतनाने महारांकडे आलेले होते. गावाच्या सीमा त्यांना ठाऊक. शिवेचा तंटा झाला तर त्यांची साक्ष महत्त्वाची मानली जाई. सरकारी अंमलदार गावात आला म्हणजे त्याचे ओझे उचलून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे, वाट दाखवायची, टपाल न्यायचे, वसूल ठाण्यावर पोचवायचा, लाकूडफाटा आणि चारा आणून द्यायचा, ही कामे त्यांच्या माथी होती. शिवेवर पुढच्या गावचा माणूस ओझे उचली आणि पहिला माघारी फिरे. अशा रीतीने एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे प्रवासी सुखरूप सोपविला जाई. मुक्काम चावडीत, देवळात किंवा धर्मशाळेत पडे.

दुरून पाहिले तर ही व्यवस्था मोठी सोयीची दिसते, आणि प्रवाशाला ती सोयीची होतीही. परंतु ज्याच्या डोक्यावर ओझे असे, त्याच्या बाजूने पाहिले की चित्र पालटते. पेरणीचे दिवस असोत की घरात आजारी माणूस असो, हाक आली की निघावे लागे. वतनाची जमीन अल्प, बलुते गावाच्या मर्जीवर, आणि कामाला वेळेची मर्यादा नाही. ज्या घराचा माणूस पाहुण्याला डोंगरापार नेई, त्याच घराची सावली त्या पाहुण्याला चालत नसे. वाटाड्याचे ज्ञान सर्वांना हवे होते; वाटाड्या मात्र शिवेबाहेरच राहावा अशी रीत होती. डोंगरपट्ट्यातील कोळी, ठाकर, कातकरी, वारली यांच्याही वाट्याला निरनिराळ्या रूपांत वेठ आली.

याच भूमीत आतिथ्याची दुसरी एक परंपराही नांदत होती, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. ती म्हणजे वारीतला मुक्काम. आळंदीहून पंढरीला निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आजचे शिस्तबद्ध रूप दिले. दिवे घाट चढून आलेल्या दिंड्या सासवडला विसावतात. गावोगाव घरे उघडतात, भाकरीच्या चवडी लागतात. तेथे कोणी कोणाला हुकूम करीत नाही. पाहुणचार गावकरी आपल्या खुशीने करतात, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकून आहे. वेठ आणि वारी, दोन्हींत परक्याला रात्रीचा आसरा मिळतो. फरक पडतो तो देणाऱ्याच्या मनाच्या मोकळेपणाने.

मराठ्यांची सत्ता सह्याद्रीपासून दूर गेली, तेव्हा स्वतः मराठे परमुलखातील वाटाड्यांवर अवलंबून राहू लागले. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ साली भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगडात शिरली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून तो प्रांत सांभाळला. भिलाईच्या दक्षिणेस आज जेथे उतई हे गाव आहे, तो सारा भाताच्या शेतीचा सपाट मुलूख. परंतु त्या मैदानाच्या कडेने डोंगर आणि साल-सागाची राने आहेत. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट हा इंग्रज अधिकारी चुनारहून निघून रतनपूर, रायपूर, कांकेर अशा मार्गाने दक्षिणेकडे गेला, तेव्हा या भागाची नीट माहिती इंग्रजांपाशी नव्हती. ती मिळविण्यासाठीच त्याची रवानगी झालेली होती. पुढे शंभर वर्षांनी नकाशे तयार झाले. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात असाच एक भूगर्भाचा नकाशा पाहिला आणि त्यातील लोहखनिजाचा रंग पाहून ते दुर्ग जिल्ह्याकडे वळले. उतईच्याही दक्षिणेला असलेल्या त्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील खनिजावरच पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नकाशावर डोंगराचा रंग असतो, पण त्या रंगापर्यंत पोचायला पायवाटच धरावी लागते. आणि पायवाट ठाऊक असते ती तेथे राहणाऱ्यालाच.

इंग्रजी अमदानीत डोंगरावर जाण्याचे एक नवे कारण निर्माण झाले. ते म्हणजे हवापालट आणि हौस. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चौक गावाहून माथेरानवर चढला, आणि माथेरानचा ‘शोध’ त्याच्या नावावर जमा झाला. वास्तविक त्या डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी लोकांचा वावर त्यापूर्वीही होता. ज्यांच्या पायांनी वाटा पडल्या, ते शोधक ठरले नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून धुक्यात दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन कर्नल साइक्स याने १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केले आणि विद्वानांना ते नवल वाटले. त्या कड्यावर गुरे चारणाऱ्यांना मात्र ते नवीन नसावे.

हौसेने डोंगर चढणाऱ्यांची गर्दी त्या काळी युरोपातील आल्प्स पर्वतातही वाढत होती. परंतु तेथील वाटाड्यांची कथा निराळ्या दिशेने गेली. माँ ब्लाँ शिखरावर १८२० साली एका मोहिमेत हिमप्रपात होऊन तीन वाटाडे मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेनंतर पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, पायथ्याच्या शामोनी गावातील वाटाड्यांनी आपली संघटना उभारली. कोणी केव्हा जायचे याची पाळी ठरविली, आणि मृतांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी ठेवला. वाट दाखविणे हा तेथे हुन्नर मानला गेला आणि वाटाड्याला गावात मान मिळाला. त्याच शतकात आपल्याकडचा वाटाड्या अंमलदाराचे ओझे शिवेपर्यंत वाहत होता.

हे ओझे उतरविण्याचा पहिला मोठा कायदेशीर प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. वतनदारांना कामाचा निश्चित मोबदला मिळावा आणि ज्यांना हे वतन नको असेल त्यांना त्यातून मोकळे होता यावे, हा त्यातील आशय होता. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. १९५० च्या राज्यघटनेतील तेविसाव्या अनुच्छेदाने वेठ बेकायदा ठरविली, आणि १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी १ ऑगस्ट १९५९ पासून सुरू होऊन महारवतन संपले. डोंगरातल्या माणसाला ‘चल’ म्हणण्याचा कोणाचाही वंशपरंपरागत अधिकार उरला नाही.

या पार्श्वभूमीवर आज अकोले तालुक्यातील गावांकडे पाहिले पाहिजे. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याच्या पायथ्याशी बारी गाव आहे. हरिश्चंद्रगडाची एक वाट पाचनईहून चढते. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिराचे रतनवाडी आहे, आणि सांधण दरीच्या मुखाशी साम्रद. या भागात मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती. भात, नागली आणि वरई ही पिके पावसावर येतात. पीक निघाले की पूर्वी पुष्कळ घरे मजुरीसाठी बाहेर पडत. पुरुषवाडी या गावाने या शतकाच्या पहिल्या दशकात पाहुणे ठेवण्याची योजना सुरू केली, आणि एकाच घराला सारा लाभ न होता तो अनेक घरांत वाटला जावा, अशी पद्धत बसविली. शामोनीच्या पाळीशी तिचे नाते सहज ध्यानात येते. मृगाच्या सरींपूर्वी झाडांवर लक्षावधी काजवे एका तालात उजळू लागतात, तेव्हा या गावांत पाहुण्यांना जागा अपुरी पडते.

त्यातून मिळणारी रक्कम फार मोठी नसेल, परंतु तिचा अर्थ मोठा आहे. आजोबा ज्या वाटेने साहेबाचे बिऱ्हाड वाहून नेत, त्याच वाटेने नातू पाहुण्याच्या पुढे चालतो. तो झाडांची नावे सांगतो, कोठे पाय ठेवायचा ते सांगतो, आणि आभाळ पाहून ‘आज वर जायचे नाही’ असेही सांगतो. शहाणा पाहुणा ते मानतो. रात्री ज्या घरात पूर्वी परका पाऊल ठेवीत नसे, त्या घरातील चुलीपुढे बसून तो जेवतो. सामाजिक इतिहासात हा बदल लहान समजता येणार नाही.

तथापि धोकेही आहेत. गर्दी वाढली की काजव्यांच्या झाडांखाली मोटारींचे दिवे आणि गोंगाट पोचतो. शहरातील मध्यस्थ पाहुण्यांकडून भरपूर पैसे घेतात आणि गावाच्या हाती त्यातला थोडाच अंश पडतो. वाटाड्या न घेता गेलेला तरुण रानात चुकला की मध्यरात्री कंदील घेऊन धावणारे पायथ्याचेच गावकरी असतात, आणि त्या धावपळीचे मोल कोणी विचारीत नाही. मोबदला देऊन पुन्हा हुकमत गाजविणारे पाहुणेही आढळतात. तसे झाले तर वेठ नव्या वेषात परत आली असेच म्हणावे लागेल.

नाणेघाटातील लेखात दानांची नोंद आहे, वाटाड्याची नाही. ती उणीव आता भरून काढता येणार नाही. परंतु पुढचा इतिहास लिहिणे चालूच आहे, आणि तो पाहुण्यांच्या वह्यांतही लिहिला जातो. डोंगरावरून परतलेल्या माणसाने आपल्या टिपणात शिखराचे नाव आणि उंची तर लिहावीच. ज्याच्या पाठोपाठ तो चालला आणि ज्या घरात तो रात्री निजला, त्यांची नावेही लिहावीत. दोन हजार वर्षे जे घडले नाही, ते एवढ्याने सुरू होईल.